बगळा चालत का गेला

अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेले संपादकसाहेब, त्यांच्या शेजारी मघापासून घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करणारे प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरची इतर जाणती मंडळी, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या सगळ्यांनो. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते तुमच्या वर्तमानपत्राचे चित्रपट-परीक्षक माझे चिरंजीव लागतात. त्यांना 'माननीय' म्हणायला माझी जीभ काही वळत नाही, तेवढं समजून घ्या.

माझ्याआधी तिघं बोलले. तिघांनीही सांगितलं की यांची लेखणी निर्भीड होती, कुणाची भीडमुर्वत ठेवली नाही. खरं आहे. पण असा माणूस घरात असला की कसं वाटतं, ते कुणी सांगितलं नाही. बहुधा ते माझ्यासाठी ठेवलं असावं. आमटी खारट झाली तर हा 'खारट झाली' म्हणत नाही. 'सुरुवात चांगली होती, पुढे तोल गेला,' असं म्हणतो. सूनबाई तिथे बसून हसते आहे, तिला विचारा.

आता मला का उभं केलं, ते सांगते. यांचं नोकरीतलं शेवटचं परीक्षण यांनी लिहिलेलंच नाही. ते मी सांगितलं आणि यांनी नुसतं उतरवून घेतलं.

त्याचं असं झालं. शेवटच्या आठवड्यात जो सिनेमा लागला तो होता बोलणाऱ्या प्राण्यांचा, हलत्या चित्रांचा. तळं आटतं म्हणून सगळे दुसरं तळं शोधायला निघतात. पुढे बगळा, मागे साळिंदर, दोन भांडखोर खारी आणि एक उंदराचं पिल्लू. मुलांना हसवायला काढलेला, मोठ्यांनीही बघावा असा. त्यातला बगळा काढला होता माझ्या नातीनं, म्हणजे यांच्या मुलीनं.

आणि आमच्या घरात दोन वर्षं बापलेकीचं बोलणं नव्हतं. तिच्या पहिल्या छोट्या सिनेमाबद्दल यांनी चार ओळी लिहिल्या होत्या. 'सफाई आहे, जीव नाही.' वर तिचं नावही छापलं नाही. का, तर नाव छापलं असतं तर पक्षपात दिसला असता म्हणे. मी विचारलं, अरे, कुणाचा पक्ष घेतलास तू, ते तरी सांग. ती दुसरीकडे खोली घेऊन राहायला गेली. सुट्टीच्या दिवशी जेवायला यायची, आईशी बोलायची, माझे पाय चेपायची, आणि बापाला म्हणायची, 'मीठ.' हा मिठाची बरणी सरकवायचा. झालं संभाषण. माणसांनी भरलेल्या घरात चमच्यांचा आवाज तेवढा यायचा. भांडण परवडतं हो, पण असं चमच्यांचं ऐकत बसणं नको.

तर संपादकसाहेब म्हणाले, बापानं लेकीच्या सिनेमाचं परीक्षण करणं बरं दिसत नाही. चिरंजीवही तेच म्हणाले. मग कोण? तेव्हा साहेबांना आठवलं की मुलांचा कुठलाही सिनेमा लागला की हा मला बरोबर नेतो. मला अक्षर येत नाही, त्यामुळे पडद्यावर जे दिसलं आणि कानांवर पडलं तेवढंच मी धरते. साहेब म्हणाले, आजींना सांगू द्या, तुम्ही एक शब्द बदलू नका. आजी म्हणजे मीसुद्धा त्या मुलीची आजीच, पण माझा पक्षपात कुणाला दिसला नाही. म्हातारपणाचा एवढा एक फायदा असतो.

मी सिनेमा पाहिला आणि घरी येऊन सांगायला बसले. मी सांगितलं, हे सगळे एवढ्या लांब निघाले, पण एकही जण परत फिरून दार लावलं का ते बघायला गेला नाही. पहिल्याच वळणावर 'किती राहिलं' असं पिल्लानं विचारलं नाही, म्हणजे ज्यानं गोष्ट लिहिली त्यानं लहान पोराबरोबर प्रवास केलेला नाही. रात्री सगळे एकमेकांना चिकटून झोपतात आणि साळिंदराचा काटा कुणाला टोचत नाही. पाय दुखायला लागले की हे गाणं म्हणतात. आणि तो कोल्हा, आयुष्यभर लबाड, अर्ध्या गाण्यात सुधारला. आमच्या घरात माणसं सुधारायला गाण्यांचा अख्खा पेटारा पुरायचा नाही. मात्र पुढच्या रांगेतलं एक रडकं पोर खारी भांडायला लागल्या की गप्प व्हायचं, तेही मी सांगितलं. चांगलं ते चांगलं.

चिरंजीव मान खाली घालून लिहीत होते. मधूनच पेनाचं टोक टकटक करायचे, म्हणजे काहीतरी सुचलंय पण बोलायचं नाही. मी म्हटलं, टकटक करू नकोस, तीही छापतील.

शेवटी मी सांगितलं की सिनेमातली सगळ्यात मोठी चूक बगळ्याची आहे. बगळ्याला एवढे मोठे पंख. वर उडाला असता तर दुसरं तळं चहा निवायच्या आत दिसलं असतं. मग हा काटक्यांसारखे पाय उचलत शेवटपर्यंत चालत का जातो? कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. काढणाऱ्यालाही ठाऊक नसावं. इथे टकटक एकदम थांबली. पण शब्द बदलायचा नाही असं ठरलं होतं. त्यानं लिहिलं, आणि ते तसंच छापून आलं.

छापून आलं त्या सकाळी नातीचा फोन, माझ्यासाठी. मला वाटलं, आता माझ्याशीही बोलणं टाकते की काय. घरात एक अबोला होता, मी त्यात दुसरा घातला. पण ती शांत होती. म्हणाली, "आजी, मूळ गोष्टीत तो उडतच जायचा. मी भांडभांड भांडून त्याला खाली उतरवला. का, ते बाबांना विचार. मला शाळेत कसं सोडायचे, तेही विचार."

फोन ठेवला आणि विचारलं. हा दाढी करत होता. साबण तसाच तोंडावर ठेवून स्टुलावर बसला. मग म्हणाला, "तिला गाडी लागायची."

तेव्हा कुठे मला आठवलं. बस असो, स्कूटर असो, दोन वळणं झाली की पोरीला उलटी. याची नवीकोरी स्कूटर खाली झाकून उभी असायची आणि हा तिच्या पावलानं पाऊल टाकत शाळेपर्यंत चालत. मग तिथून धावतपळत कचेरीत. संपादकसाहेब, तुमच्या आधीच्या साहेबांची रोज बोलणी खाल्ली यानं, पण उशिराचं कारण कधी सांगितलं नाही. आम्हीही विसरून गेलो होतो. लक्षात ठेवलं ते पोरीनं.

त्या दिवशी हा एकटाच परत सिनेमाला गेला. आला तो चपला न काढता फोनपाशी. सूनबाईनं गॅस बारीक केला. मी माझं ऐकू न येण्याचं सोंग चालू केलं. मला वाटलं, आता हा गहिवरून काहीतरी बोलेल, ती रडेल, आम्हीही रडून घेऊ.

हा म्हणाला, "बगळा बरोबर आहे. पण माशाचं काय?"

मी कपाळावर हात मारला. सिनेमात बगळा वाटेत एक मासा गट्ट करतो, आणि मासा बिचारा बोलत नाही. याचं म्हणणं, उंदराला बोलता येतं तर माशाला का नाही? पलीकडून ती एवढ्या जोरात बोलली की मला सोंग टाकून जवळ जावं लागलं नाही, सगळं ऐकू आलं.

"बाबा, मासा बोलला असता तर बगळा उपाशी मेला असता."

"मग त्याला खायला द्यायचं की मरू द्यायचं, हे तुला ठरवावं लागलं असतं. ते तू टाळलंस."

"तुम्ही मला कधी सांगितलं होतंत का असं काही? तेव्हा चार ओळी लिहून मोकळे झालात."

यावर हा हळूच म्हणाला, "चारच लिहिल्या, कारण पाचवी चांगली लिहावीशी वाटत होती."

पुढे बोलत बसले ते बसलेच. आवाज चढत होते, आमटी आटत होती, आणि मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. दोन वर्षांनी घरात कडाक्याचं भांडण. सूनबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "सुटलो, आई."

माशाचं अजून मिटलेलं नाही. येताना गाडीत मी मधे बसले होते आणि दोघं माझ्या डोक्यावरून बोलत होती. तिनं सांगितलंय, पुढचा सिनेमा अर्धा झाला की दाखवते, काय ते तेव्हाच बोला. म्हणजे उद्यापासून याची टीका तुम्हाला छापील मिळणार नाही. आम्हाला घरात ताजी मिळेल.

संपादकसाहेबांनी मला बोलायला लावलं, तुम्ही खुर्च्या न वाजवता ऐकलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला टोचलं असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. माझ्या चुका टिपून ठेवायला एक माणूस आहे, पण तोही आज कामाचा नाही. सत्कारमूर्तींची खुर्ची मघाशीच रिकामी झाली, तुमच्या लक्षात आलं असेल. अध्यक्षांनी रागावू नये. तो तिकडे मागच्या रांगेत लेकीशेजारी जाऊन बसलाय आणि हातवारे करून तिला काहीतरी पटवतो आहे. तिला पटलेलं दिसत नाही. चालू द्या त्यांचं. मी बसते.