घरचा कोबा

"हॅलो?… हॅलो, ऐकू येतंय का?… थांब, थांब, मशीनपासून जरा लांब येतो."

गोदामाच्या पलीकडच्या कोपऱ्यात येईपर्यंत फरशीवाल्याने जमेची बाजू मनात पुन्हा एकदा मांडून घेतली. शोरूमवाल्या बाईंची तीन शोरूम, वर त्यांचं नवं घर, आणि सगळीकडे काँक्रीटची पॉलिश केलेली फरशी. हे काम मिळालं म्हणजे वर्षभर कुणाच्या दारात जायला नको, मशीनचे हप्ते सुटले, आणि धंद्यातल्या चार लोकांनी 'हे काम कुणाचं?' म्हणून विचारलं की उत्तर एकच. खर्चाच्या बाजूला काय होतं? सकाळी बाईंशी फोनवर बोललेलं एक वाक्य. वाक्याला काही पैसे पडत नाहीत, असा त्याचा आजवरचा अनुभव होता.

"हां, ऐक आता. शोरूमवाल्या बाई आपल्या घरी येतायत… आत्ता. आत्ता म्हणजे निघाल्यासुद्धा… चहाला नाही गं, फरशी बघायला!… आपली. आपल्या घरची… हसतेस काय?"

बायको फोनवर हसली की ते हसू कुठल्या रकान्यात टाकायचं, हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं.

"अगं ऐक ना… मी आपणहून नाही बोललो. त्यांनीच विचारलं, तुमच्या स्वतःच्या घरी काय आहे म्हणून. मग काय सांगू? कोबा आहे?… तर मी आपलं म्हटलं, सहा वर्षांपूर्वी घोटलीय, अजून आरसा आहे… हो, आरसा म्हणालो. ओघात येतं माणसाच्या तोंडात… मला काय स्वप्न पडलं होतं, त्या लगेच गाडी काढतील म्हणून!"

खरं म्हणजे घर बांधलं तेव्हा खाली नुसता काँक्रीटचा कोबा टाकून ठेवला होता, आणि 'पुढच्या महिन्यात घोटून देतो' असं त्याने बायकोला सांगितलं होतं. तो महिना काही उगवला नाही. कोब्याची धूळ मात्र रोज उगवायची. ती सकाळी झाडायची, दुपारी पुन्हा तेवढीच. त्याच्या आईचे पांढरे मोजे घरात आल्यापासून राखाडीच होते. त्यातून बाजारात नवं केमिकल आलं की हा पठ्ठ्या त्याची परीक्षा घरच्याच जमिनीवर घ्यायचा. त्यामुळे सोफ्याखाली एक चौकोन लखलखीत, स्वयंपाकघराच्या दारात एक हिरवा पडलेला, खिडकीपाशी एक अर्धवट घासून सोडलेला. घर कसलं, दुकानातला नमुन्यांचा फळा.

"तेच सांगतोय. घाबरू नकोस, मी सगळं योजलंय. सोफा पुढे ओढ. त्याच्याखालचा चौकोन उघडा पडला पाहिजे, आणि बाईंना बरोब्बर त्याच्यावर उभं करायचं… अगं, खुर्ची ठेव तिथे, मग बसतीलच. बाकी सगळ्यावर सतरंज्या… आहेत तेवढ्या सगळ्या. कमी पडल्या तर चादरी… हिरव्या चौकोनावर ना, ते फ्रिज… नाही सरकत? बरं, मग आईला बसव… हो, खुर्ची टाकून, मांडीवर शाल पसरून. शालीची टोकं खाली लोळली पाहिजेत… म्हातारं माणूस आहे, उठवणार थोडंच कुणी?"

एवढं बोलून तो जरा थांबला. स्वतःच्या हुशारीला दाद द्यायला माणसाला थोडी फुरसत लागतेच.

"आणि आतल्या खोल्यांत नेऊ नकोस. सांग, बाळ झोपलंय… आपल्याकडे बाळ नाही, ते मला माहीत आहे! शेजारचं झोपवलंय म्हण… बरं, काहीच म्हणू नकोस. दार लावून घे… काय?… गरज नाही? गरज नाही म्हणजे?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिल्या कानाने चुकीचं ऐकलं असेल, एवढी आशा त्याला होती.

"झालीय?… काय झालीय?… फरशी?… सगळी?… या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत?… अगं, चेष्टा करू नकोस, बाई पोचतील इतक्यात… नाही, नाही, तू शपथ घेऊ नकोस… चेहरा दिसतो? कुणाचा?… आईचा? आई काय म्हणतेय?… 'माझे मोजे बघ' म्हणतेय."

गेले पंधरा दिवस तो या परगावच्या गोदामात दुसऱ्याची जमीन घासत होता, आणि त्याची स्वतःची जमीन त्याच्या मागे कुणीतरी घासून गेलं होतं. आनंद व्हावा की नाही, हे त्याला ठरवता येईना. मग धंदेवाईक माणसाला पडतो तो प्रश्न पडला.

"पण मशीन?… अगं, असं घासायला मशीन लागतं. कुठून आणलंस?… आपलं? आपलं दुसरं तर दुरुस्तीला… तूच म्हणालीस ना, दुरुस्तीला दिलंय! मी इथे पंधरा दिवस एकाच मशीनवर मरतोय, त्या मेकॅनिकला रोज फोन करून शिव्या घालतोय… तरीच तो म्हणत होता, कुठलं मशीन, कुठलं मशीन… आणि घासायची ती डायमंडची पॅडं?… नवी? डब्यातली?… ती मी बाईंच्या शोरूमसाठी राखून ठेवली होती! केमिकलचे कॅन?… दोन्ही?… 'मला एकदा तरी अंगठीत हिरा घेतलास का' हे आत्ता कशाला काढतेस? आत्ता फरशीचं चाललंय… बरं. बरं, अख्खा हॉलभर हिरे फिरवून घेतलेस, झालं समाधान?… झालं म्हणतेस. चांगलं आहे."

तो भिंतीला टेकला. मग टेकलेला सरळ झाला.

"आणि माणूस? घासलं कुणी?… लंबूने?"

लंबू पूर्वी याच्याच हाताखाली होता. याचं 'उद्या बघू' ऐकून ऐकून एक दिवस तो उठला आणि त्याने स्वतःचा धंदा टाकला. कामं मिळायची, हातही चांगला होता, पण मशीन घ्यायची ऐपत नव्हती. घरात एक मशीन बसून आहे आणि एक बायको रोज दोनदा झाडतेय, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी मांडायला फार शिकावं लागत नाही.

"म्हणजे महिनाभर मशीन त्याला, आणि फरशी तुला… असा व्यवहार केलास? मला न विचारता?… विचारलं होतंस? कधी?… हां, मी 'उद्या बघू' म्हणालो असेन… ते जाऊ दे. उलट बरंच झालं! ऐक, बाईंना सांगायचं, ह्यांनीच केली. सहा वर्षांपूर्वी. लंबू कुठाय?… घरातच? अगं, त्याला मागच्या दाराने… काय, बेल?… वाजली?… उघड, उघड! फोन स्पीकरवर टाक, मी सांभाळतो."

त्याने गळा साफ केला. गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज वेगळा होता, तो त्याने वर काढला.

"नमस्कार मॅडम, नमस्कार!… हो, मीच बोलतोय… सापडलं ना घर?… तुम्ही बघताय त्यावर मी काय बोलू, फरशीच बोलेल… हो, माझ्या हातची. स्वतः गुडघ्यावर बसून… सहा वर्षं, हो. पावसाळे काढले, उन्हाळे काढले… चमक तीच… काय?… ओली?"

गोदामात मशीन बंद पडलं. किंवा त्याला ऐकू येईनासं झालं.

"ओली कशी असेल, मॅडम… उंबऱ्यातून वाकून हात लावलात? केमिकल बोटाला लागलं?… हं… हां, म्हणजे काय आहे, दरवर्षी एक हात मी वरून… देखभाल म्हणून… मी गोदामातच आहे. हो, पंधरा दिवस… मग हात कसा दिला?… तसं नाही मॅडम, हात माझाच, फक्त… कोण?… तो उंच मुलगा? तो… तो नातेवाईक… ब्रश आहे त्याच्या हातात?… असेल."

पुढचा काही वेळ त्याला कुणी काही विचारलं नाही. घरात बोलणी चालली होती आणि त्याच्यापर्यंत त्याचे तुकडे येत होते. एकदा बायकोचा आवाज, अगदी सरळ. एकदा लंबूचा, दबका. मग बाई हसल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ त्याची आई. आईचं हसणं त्याने लगेच ओळखलं. लहानपणी तो पकडला गेला की ती तसंच हसायची.

"हॅलो?… हॅलो, अगं स्पीकर काढ… गेल्या बाई? काय म्हणाल्या?… खरं सांगितलंस? सगळं?… अगं, थोडं तरी झाकायचं!… हो, शालीचं मीच म्हणालो होतो… ते पण सांगितलंस? शालीचं पण?… आणि काम?… काम देणार ना?… कुणाला?… तिन्ही शोरूम?… घरसुद्धा?"

तो तिथेच खाली बसला. गोदामाच्या त्या कोपऱ्यात अजून घासलं नव्हतं; पँटला पांढरी धूळ लागली.

"पण लंबूकडे मशीन कुठाय?… आपलं दिलंस?… दोन्ही?… भाडं तुझ्याकडे जमा… हो, हो, ऐकतोय… आणि एक माणूस कमी पडतोय त्याला. मग?… मी?… लंबूच्या हाताखाली?… त्याची काय अट?… वेळेवर यायचं."

याला हसावं की काय, हे विचारायला त्या कोपऱ्यात कुणी नव्हतं.

"येतो. हे आटोपलं की रात्री घरीच येतो, मग बोलू… मागच्या दाराने नको? मग?… पुढून आत आलं की डावीकडे… किती मोठा?… दोन पावलं मावतील एवढा चौकोन… कोबाच? मुद्दाम सोडला?… लंबूने?… तू सांगितलंस. माझ्यासाठी… आणि तिथून पुढे पाय कधी टाकायचा?… वाळेपर्यंत चोवीस तास. हो, माहीत आहे गं, मीच सांगतो सगळ्यांना… अगं, पण जेवायचं काय?… हातात आणून देशील. आणि झोपायचं?… हॅलो?… अगं ऐक ना… हॅलो?"

तिने फोन ठेवला होता. झाडायला उशीर होतोय असं आता तिला म्हणता येणार नव्हतं, तरी ठेवला.

फोन खिशात टाकून त्याने हिशेब पुन्हा मांडला. फरशी मिळाली बायकोला, काम लंबूला, आईला पांढरे मोजे. यात गेलेली मशीनं, पॅडं आणि दोन कॅन मात्र त्याचे. आणि त्याच्या वाट्याला, दाराच्या आत डावीकडे, उभं राहण्यापुरता कोबा.