केर आणि निर्माल्य

मंडळी, ऐका! आज गाभाऱ्यात गेलात तेव्हा देवाच्या डोक्यावर काय होतं? शेवंती! ताजी! आणि काल? काल झेंडू होता. मग तो झेंडू गेला कुठे? केरात? छे! केरात टाकलात तर आपले गुरवमामा परडी फेकून मारतील! त्याचं निर्माल्य झालं. मानाने उचललं, वेगळं ठेवलं.

मग मला सांगा, जपणं म्हणजे काय? प्रेमाने आलेलं सगळं डोळ्यांसमोर रचत बसणं, म्हणजे जपणं? तसं असतं तर त्या ढिगात देव दिसला असता का?

याचं उत्तर पुराणात असेलच. पण आज मी याच मंदिराच्या धर्मशाळेतलं सांगतो. आणि जिचं सांगतो ती माझी बायको. कुमुद. मागच्या माघात गेली. तुम्ही सगळे तिला ओळखता. तिथे, त्या खांबापाशी झांजा घेऊन बसायची. माझं कीर्तन लांबलं की झांज जरा जोरात वाजायची! आता मला थांबवणारं कुणी नाही. सांभाळून घ्या!

आपली धर्मशाळा कशासाठी? मिरजेला पेशंट घेऊन येणाऱ्यांना पाठ टेकायला जागा मिळावी म्हणून. पूर्वी लोक पत्र टाकायचे, मग ईमेल करायला लागले. आणि ते बघायचे कोण? आपले सेक्रेटरी मगदूम साहेब. हे काय, समोरच बसलेत! साहेब, सांगू ना? — मान हलवली. परवानगी मिळाली!

साहेब सरळ माणूस. आलेला मेल कधी पुसायचे नाहीत. म्हणायचे, "बुवा, माणूस अडचणीत लिहितो. त्याचं लिहिलेलं पुसायला हात होत नाही." बरोबर की नाही? बरोबर! पण बरोबर वागूनही घोटाळा होतो — यालाच तर संसार म्हणतात!

खोली मागणारे मेल यायचे. बरं होऊन गेलेल्यांचे आभार यायचे. एक्स-रेचे फोटो यायचे. जाहिराती यायच्या: गादीवाले, विमावाले, कर्ज घ्या म्हणणारे. धर्मशाळेला कर्ज! आणि आपले ट्रस्टी सदाशिवराव? रोज एक 'सुप्रभात', त्याबरोबर गुलाबाचं चित्र. सदाशिवराव, गुलाब सुंदर हो, पण त्याचं वजन केवढं! सगळं एकाच ढिगात. सकाळी कुणी खोली मागितली, तर दुपारपर्यंत ती मागणी गुलाबाखाली!

असं करता करता पेटी भरली. मेलची. भरली म्हणजे काय? नवा मेल आत येईना, पाठवणाऱ्याकडेच परत जायला लागला. वर लाल पट्टी यायची — जागा संपली म्हणून. साहेब ती जाहिरात समजून बंद करायचे! आणि म्हणायचे, "हल्ली मागण्या कमी झाल्या. लोकांच्या तब्येती सुधारल्या वाटतं!"

एका सकाळी फाटकाशी एक माणूस आला. जतकडचा. सिद्राम बिराजदार.

"धर्मशाळा हीच न्हवं?"

साहेब म्हणाले, "हीच. खोली पाहिजे?"

"आता इचारताय व्हय? पोरीनं मेल केला, त्यो परत आला. वाटलं, हितं कुणी ऱ्हात न्हाई. बायकूचं आप्रेशन झालंय, साहेब. ताजे टाके घिऊन स्टँडच्या बाकावर निजली रातभर."

मागे भिंतीवर रिकाम्या खोल्यांच्या किल्ल्या टांगलेल्या. साहेब त्या किल्ल्यांकडे बघतच राहिले. तेवढ्यात कुमुद आतून आली. "भाऊ, बघत काय बसलात? आधी त्यांना आत आणा!"

ती माउली आत आली, ऊन ऊन भात जेवली, निजली. आणि इकडे सभा बसली.

सदाशिवराव म्हणाले, "सगळं पुसून टाका! पाटी कोरी! बाहेर माणसं बाकावर झोपतात!"

साहेब ताडकन उभे. "पुसाल तर माझा राजीनामा घ्या. त्यात आजऱ्याच्या त्या आईचा मेल आहे. पोर गेलं तिचं इथे. तरी घरी जाऊन तिने लिहिलं, की तुमच्या अंगणात माझं लेकरू शेवटचं खेळलं. हे पुसू मी?"

एका बाजूला बाकावरची बाई, एका बाजूला त्या आईचे शब्द. सांगा, काय कराल? दोघंही खरे!

कुमुद मागे उभी होती. टायपिंगच्या क्लासात पोरं घडवलेली बाई. तिने एवढंच विचारलं, "भाऊ, घरी पूजा करता ना? कालची फुलं काय करता?"

"काढतो की."

"टाकता?"

"काय बोलता, वहिनी! निर्माल्य ते!"

"मग झालं तर. केर वेगळा, निर्माल्य वेगळं. केर पुसायचा. निर्माल्य काढायचं, पण टाकायचं नाही."

आणि बसली कॉम्प्युटरसमोर! जाहिराती केरात. कर्जवाले केरात. गुलाब —

"अहो वहिनी, माझ्या डोळ्यांदेखत?"

"एक ठेवते, सदाशिवराव. सगळ्यात ताजा!"

ज्यांचं काम झालं होतं, त्या मेलची आधी वेगळ्या डिस्कवर नक्कल केली. गावांच्या नावांनी लावली. नक्कल उघडते ना, हे पाहिलं. मगच पेटीतून काढलं. समोर राहिले फक्त आज उत्तर द्यायचे मेल. मग साहेबांना खुर्चीवर बसवलं. "आता गावाचं नाव घेऊन हाक मारा." साहेबांनी लिहिलं: आजरा. आणि त्या आईचा मेल समोर हजर! साहेबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा वाचला.

संध्याकाळपासून मागण्या यायला लागल्या. भिंतीवरच्या किल्ल्या हलायला लागल्या!

तेव्हापासून रोज पूजा झाली की ती म्हणायची, "अहो, निर्माल्य काढून येते." आणि मी चहाची वाट बघत बसायचो! पण मंडळी, छाती फुगते हो. मी इतकी कीर्तनं केली, लोक माझ्या पाया पडले. माझ्या शब्दाने कुणाची पाठ टेकली का? तिच्या दहा बोटांनी किती माणसं अंथरुणावर निजली! त्या दिवसापासून ती होती तोवर धर्मशाळेच्या दारातून एक मागणी परत गेली नाही. एकही नाही!

ती गेली, आणि मेल आले. जिथे जिथे तिने "या" म्हणून लिहिलं होतं, त्या सगळ्या गावांतून. सिद्रामचाही: 'बाईनी आमाला छप्पर दिलं.' मी त्या पडद्यासमोर बसून राहायचो. म्हटलं, हे वरच राहू देत. कुणी हलवायचं नाही.

मगदूम साहेब शेजारी येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "बुवा, वहिनी काय म्हणायच्या? काढायचं —"

मी म्हटलं, "— पण टाकायचं नाही."

आम्ही दोघांनी मिळून नक्कल केली. वर नाव लिहिलं: कुमुद. आणि समोरून काढलं. खाली एक मेल निघाला. मालवणकडचा. 'आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. खोली मिळेल का?' मला टायपिंग येत नाही. एका बोटाने अक्षर शोधत शोधत लिहिलं, 'आहे. या.'

आता तुमचं सांगा! हसू नका, तुमच्या खिशातला फोनही भरलाय. आणि मन? कुणी केलेला अपमान, कुणी लावलेली माया, सगळं एकाच ढिगात! अपमान हा केर. झाडून टाका. गेलेल्या माणसाची माया हे निर्माल्य. मानाने वेगळी ठेवा, हाक मारली की ती येते. मी रोज मारतो. रोज येते. पण समोरची जागा मोकळी ठेवा. दाराशी कुणीतरी उभं असतं!

चला, आरतीला उभे राहा. आणि सदाशिवराव, उद्या गुलाब मेलने नको. हातात घेऊन या, देवाला वाहू. परवा तो काढू. पण टाकणार नाही!