पाळणा नावाची गाडी

मंडळी, आज देवाच्या दारात उभी राहून एकच प्रश्न विचारते. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेलं उत्तर पाठ केलेलं असतं, हे मी शाळेत रोज बघते! तर प्रश्न असा – माणसाच्या ज्या दोषाला लोक नावं ठेवतात, तो दोष त्याला आज ना उद्या कळतो. पण ज्या दोषाचं लोक कौतुक करतात, तो त्याला दाखवायचा कुणी?

हं! विचारात पडलात. टाळकरीबुवा, तुम्हीसुद्धा? मग ऐका.

भोरकडं, घाटाच्या तोंडाशी एक गाव. तिथं भगवानतात्या खोपडे राहायचे. माणूस दिलदार. दारात सात माणसांची उंच, पांढरी गाडी – आणि ती गाडी जितकी तात्यांची, तितकीच गावाची. नवरी निघाली, तात्यांची गाडी. कुणाला दवाखान्यात न्यायचं, तात्यांची गाडी. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसलाच नाही.

एकदा गोजराआक्का गुडघ्याचं ऑपरेशन करून पुण्याहून आली. वाटेत खड्ड्यांची रांगोळी! पण म्हातारी घोरत आली. उतरताना म्हणाली, "भगवाना, ही गाडी न्हाय रं. पाळणा हाय."

झालं! गावभर नाव झालं. तात्यांनी पेंटर बोलावला आणि मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं – पाळणा. खाली दोन मोर.

आता मंडळी, मला सांगा, चांगली गाडी पाळण्यासारखी डुलते का हो?

नाही डुलत! पुढच्या प्रत्येक चाकाच्या आत एक नळकांडं उभं असतं. कंपनीच्या पुस्तकात त्याला स्ट्रट म्हणतात, गॅरेजात सगळे शॉकअप म्हणतात. त्याच्याभोवती स्प्रिंग, आत तेल. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते, आणि दबलेली स्प्रिंग उसळणारच. तो तिचा स्वभाव – आपल्या मनासारखा! ती उसळी आवरतं कोण? आतलं तेल. ते दिसत नाही, वाजत नाही, पण चाकाला म्हणतं, बाबा, जमीन सोडू नकोस. तेल गळून गेलं की गाडी डुलायला लागते. बसणाऱ्याला वाटतं, अहाहा! आणि खाली चाकाची जमीन सुटत असते.

गोजराआक्का घोरत आली, तेव्हाच ते तेल गळायला लागलं होतं.

पुढं भाद्रपदात तात्या हवा भरायला युसूफभाई मिस्त्रींकडं गेले. युसूफभाईंनी टायरवरून तळवा फिरवला. टायर सगळीकडं सारखा झिजला नव्हता, जागोजागी वाट्या पडल्या होत्या. ते वाकले, बॅटरी मारून चाकाच्या आत बघितलं आणि हात पुसत उठले.

"तात्या, पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत."

"गेले कसे? गाडी लोण्यासारखी चालते की."

"तीच तर तक्रार आहे," युसूफभाई म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं. ब्रेक मारला की नाक खाली जातं ना? मागचं अंग उचलतं ना? मग गाडी लवकर थांबत नाही, आणि वळणावर तर मुळीच ऐकत नाही. दोन दिवस गाडी सोडा. एकच बदलून चालायचं नाही, डावा-उजवा जोडीनं बदलावा लागतो. (नवरा-बायकोचं भांडण मिटवतानासुद्धा एकालाच समजावून भागत नाही – हे मृदंगवाल्या काकांना विचारा!) आणि विश्वास नसेल, तर साधी परीक्षा आहे.

"या इथं, चाकाच्या वर दोन्ही हात ठेवा. जोर लावून दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर मी खोटा. डुलत राहिली तर शॉकअप मेलाय."

किती सोपं! फक्त दाबायचं आणि सोडायचं. पण तात्यांचे हात पाठीमागं बांधलेले होते, ते काही सुटले नाहीत. कारण परीक्षेचा निकाल त्यांना माहीत होता. ज्याची गावानं वाहवा केली, जे काचेवर मोरांसकट लिहून घेतलं, तो आजार होता – असं आता कुठल्या तोंडानं सांगायचं? ते हसले आणि म्हणाले, "पाळणा डुलणारच, युसूफभाई."

गॅरेजातले सगळे हसले. युसूफभाई हसले नाहीत.

दसऱ्यानंतर आणतो, असं सांगून तात्या निघाले. खांडेनवमीला गाडी धुवायला काढली. चाकाच्या आत बघतात तर नळकांड्यावर काळा, चिकट थर – तेलावर बसलेली धूळ. पूजेच्या दिवशी असली घाण? डिझेलमध्ये फडकं बुडवलं आणि लख्ख पुसून काढलं. मग झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि त्या पुसलेल्या जागी कुंकवाचं बोट!

मंडळी, दुखणं पुसून वर कुंकू लावायला आपल्याइतकं कुणाला जमतं?

आठ दिवसांनी पुन्हा वाकून बघितलं. कोरडं ठणठणीत! तात्या खूश. म्हणाले, देवानं बघितलं, गळायचं थांबलं. अहो तात्या, गळणार काय? रिकाम्या घागरीला गळती कसली?

आता दुसरीकडं बघा. तात्यांची एकुलती एक लेक दीपाली. सासर घाटाखाली. लग्नाला सहा वर्षं झाली, दोनदा आशा लागली आणि दोनदा मावळली. आता तिसऱ्यांदा सातवा महिना सुखरूप पार पडला होता. डॉक्टरांनी सांगितलं, जपून न्या, माहेरी हवा बदलेल. पहिलं बाळंतपण माहेरचं! शालनकाकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, दीपालीचाच जुना पाळणा माळ्यावरून काढला, घासला, माजघरात आढ्याला टांगला.

जावई म्हणाले, आमच्या चुलत्यांची गाडी आहे, आम्हीच आणून सोडतो. तात्यांनी ऐकलं नाही. माझी लेक माझ्या पाळण्यातूनच येणार, म्हणाले.

निघताना शालनकाकी हळूच बोलल्या होत्या, की हल्ली ब्रेक लागला की मी सीटवरून पुढं घसरते. तात्या म्हणाले, धरून बसावं. काकी धरून बसल्या. धरून बसायची सवय त्यांना पस्तीस वर्षांची होती.

परतीची वेळ दुपारची. ऊन स्वच्छ, रस्ता कोरडा. काकी मागं, त्यांच्या मांडीवर दीपालीचं डोकं. तात्या अगदी सावकाश चालवत होते हो! आरशात बघितलं तर लेकीचा डोळा लागलेला. गाडी डुलत होती, लेक झोपली होती, आणि तात्यांना वाटलं, आपल्यासारखा सुखी बाप नाही.

घाट चढून झाला, आणि गावाकडच्या उताराच्या वळणावर म्हसरं आडवी आली.

चार-पाच म्हशी, अंतरही पुरेसं. शाबूत गाडी थांबली असती. तात्यांनी ब्रेक दाबला. नाक खाली गेलं, चाक एका खड्ड्यात आपटलं, उसळलं, आणि पुन्हा टेकायच्या आत पुढचा खड्डा. तात्या स्टिअरिंग फिरवतायत आणि गाडी सरळ चाललीय. फार वेग नव्हता. पण गाडी कठड्यावर आदळली आणि डावी बाजू आत चेपली. म्हशी थांबून बघत राहिल्या.

दीपाली वाचली. बाळ वाचलं नाही.

टाळ थांबवा, बुवा.

दवाखान्यात लोकांची रीघ लागली. ज्याला त्याला तात्यांनी कधीतरी गाडीतून नेलेलं. कुणी म्हणालं, नजर लागली. कुणी म्हणालं, नशिबाचे भोग. आणि सगळे शेवटी एकच म्हणाले – देवाची मर्जी. तात्या प्रत्येकापुढं मान हलवत राहिले.

ऐकताय ना? ते फडकं अजून त्यांच्या हातातच होतं! तेव्हा नळकांडं पुसलं, आता तोच काळा डाग देवाच्या अंगाला पुसत होते.

चौथ्या दिवशी दीपालीनं बापाला जवळ बोलावलं. रडली नाही. म्हणाली, "तात्या, मनाला लावून घेऊ नका. किती दिवसांनी मला झोप लागली होती. किती छान झोप लागली होती."

तात्या तिथून उठले आणि चालत युसूफभाईंच्या गॅरेजात गेले. गाडी ओढून तिथंच आणली होती. डावी बाजू चेपलेली, उजवी धडधाकट. काचेवरचे दोन्ही मोर तसेच. युसूफभाई काम सोडून उभे राहिले. तात्या उजव्या चाकापाशी गेले. दोन्ही हात ठेवले. सगळा जोर लावून दाबलं, आणि सोडलं.

गाडी वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. पुन्हा खाली. तात्यांनी हात काढून घेतले होते, तरी ती डुलत होती. रिकामी.

मग ते लेकीकडं गेले. म्हणाले, "ही देवाची मर्जी नव्हती, दिपे. शॉकअप गेलेत, हे मला माहीत होतं."

दीपालीनं त्यांच्याकडं बघितलं. मग भिंतीकडं तोंड केलं. ते अजून वळलेलं नाही. माजघरातला पाळणा काकींनी एकटीनं उतरवला.

म्हणाल, पोरी, शेवट गोड कर. कुठून करू? वेळेवर दाबून बघितलं असतं, तर गोड झाला असता. तात्यांची वेळ गेली. तुमची गेली नाही.

घरी जाल, तेव्हा दारातल्या गाडीवर हात ठेवा. दाबा, सोडा, मोजा. आणि मग जरा शांत बसून तोच हात स्वतःवर ठेवा. लोक तुमच्या ज्या गुणाची वाहवा करतात ना, नेमकं तिथंच दाबा! 'फार दिलदार', 'फार करारी', 'कुणापुढं झुकत नाही' – दाबा तिथं. एकदा हलून मन थांबलं, तर पांडुरंगाचे आभार माना. पण डुलतच राहिलं, तर मागच्या सीटवर तुमच्या भरवशावर कोण झोपलंय, ते आधी वळून बघा.

आता टाळ घ्या, बुवा. पण हळू.