सोलकढीचा डाग

मालवण बंदरावर पिंपळाखाली रविकांतची खानावळ होती. नारळांचं पोतं घेऊन तो कट्टा गावच्या थांब्यावर मालवणच्या गाडीची वाट बघत होता. शेजारी मथुरा आणि पद्मावती बोलत बसल्या होत्या.

“पद्मावती, झिलाचो सदरो घेवन खंय चाललंस गो?”

“मालवणाक. काल थंय सोलकढी सांडून घेतल्यान. साबण लावलंय, तरी डाग गुलाबीच!”

“अगो, सोलांचो डाग साबण लागलो की निळो पडता!”

“तेच तर! सोला नायतच, नुसतो बाटलीतलो रंग. आणि झील म्हणता, आये, तुझ्या कढीपेक्षा बरी होती.”

“अरे देवा! खंयची खानावळ?”

“पिंपळाखालची. त्या खानावळवाल्याच्याच टेबलार साबण लावन दाखवतलंय.”

रविकांतने पोतं पायाशी ओढून घेतलं.

“भाऊनू, ती खानावळ किती वाजता उघडता?”

“आज... आज बंद आसा.”

“तुमका कसा म्हायत?”

“माझा जाणायेणा आसता थंय,” म्हणत त्याने घाम पुसायला हात वर केला. सकाळी कढीत रंग कालवताना माखलेली बोटं अजून गुलाबीच होती.

पद्मावतीने पिशवीतून साबणाची वडी काढली.

“घेवा. नळ थंय आसा.”