आकाश पांढरं पडलं तरी

या, जवळ सरका. धक्क्यावरच्या रांगेत ऐकलेली गोष्ट सांगते. माझ्यापुढे बहीण-भाऊ होते आणि भावाच्या हातात ड्रोन.

"ताई, ऑटोवरच ठेवतो. उजेडाचं कॅमेरा बघून घेईल."

"काल बघितलंन् की! पाणी चमकलं आणि बाबांचा चेहरा काळाठिक्कर."

"मॅन्युअलवर चेहरा दिसेल, पण आकाश पांढरंफटक पडेल."

"पडू दे."

"मध्येच ढग आला तर?"

"हाताने सुधार. बोटं काय नुसती गेम खेळायला दिलीत देवाने?"

"अगं, नावाडी म्हणून आज बाबांची शेवटची फेरी. चुकलो तर?"

"मग आकाशाचं काय घेऊन बसलास? ते उद्याही आहे."

"बरं, लावलं मॅन्युअल. हा उडवला ड्रोन. बाबा, वर बघा!"

"आधी नाव नीट काढू दे रे, माणसं बसलीत!"

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा शेवटच्या फेरीतही स्वतःच्या चेहऱ्याआधी नावेतली माणसं बघणाऱ्या त्या नावाड्याची आठवण असू द्या.