दोन ताटल्यांची चाचणी

लॅबची नोकरी आरामाची असते म्हणतासा न्हवं? मग परवाचं ऐका.

कापलेल्या चिकनवर फवारायचं एक औषध आमच्याकडं तपासायला आलंय. त्यानं जंतू मरतात आणि खाणाऱ्याला धोका न्हाय, एवढं दाखवायला मला दीड महिना लागला. राहिली फक्त चव. औषधाचा वास चिकनला उरला, तर सगळी मेहनत वाया.

म्हणून ऑफिसातल्याच सहा जणांना खायला बसवलं. एक नंबरच्या ताटलीत साधं चिकन, दोन नंबरच्या ताटलीत फवारलेलं. औषध कुठल्या ताटलीत, ते त्यांना सांगायचं न्हाय. दोन्ही नुसत्या पाण्यात उकडलेली, मीठसुद्धा न्हाय.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला म्हणून मी बाहेर गेलतो. परत येतोय तर फॉर्म भरून तयार. सहाच्या सहा जणांनी लिहिलेलं, "दोन्ही सारखीच. लई झकास."

मी हरखलो. मग डोक्यात आलं, बिनमिठाचं चिकन झकास कसं लागंल?

ताटल्या बघतोय तर लालभडक! त्या सहांतलेच आमचे स्टोअरचे आप्पा, शहापूरचे, कांदा-लसूण चटणीची डबी खिशात घालत होते.

मी कपाळावर हात मारला. "अवो आप्पा, चव तपासायची होती की! चटणी कशाला घातलासा?"

"मग काय करू? दोन नंबरला औषधाचा वास मारत होता," आप्पा म्हणाले. "तुझं काम अडू नये म्हणून घातली रं."