एवढी एक फ्रेम

बायको : अहो, गाडीवाला तिसऱ्यांदा हॉर्न वाजवतोय. उठा आता.

नवरा : एवढ्या एका फ्रेमवर जाळी ताणतो नि उठतो. ती बाजू धर जरा.

बायको : मघाशीही एवढी एकच होती! लेक बाळंत होऊन आठवडा झाला, अजून नातीचं तोंड पाहिलं नाहीत. रोज आपली नवीन फ्रेम.

नवरा : छपाईच्या जुन्या जाळ्या सैल पडल्यात. छापताना लाल रंग सरकून निळ्यावर चढतो, गिऱ्हाइकं माझ्या नावानं खडे फोडतात. ओढ गं.

बायको : ओढतेच आहे. अजून किती?

नवरा : सारखी ओढ. इकडे ताण नि तिकडे झोळ, असं नको. हां, धर तशीच. मारतो पिन.

बायको : दुकानात कारागीर आहे ना? तो ताणेल की.

नवरा : त्यानं ताणलेल्या जाळीत म्हैस निजवता येईल.

बायको : विनोद पुरेत. काल चिमीनं फोनवर काय विचारलं, सांगणार नव्हते तुम्हाला.

नवरा : काय?

बायको : मुलगी झाली म्हणून बाबा येत नाहीत का?

नवरा : असं म्हणाली?

बायको : असंच म्हणाली. मी म्हटलं, छे, कामात आहेत. माझंच मला खरं वाटेना.

नवरा : अगं, ती झाली तेव्हा मी अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होती! विसरली ती?

बायको : तिला काय आठवणार, पाळण्यात होती ती. पुन्हा पिना कसल्या मारताय रागारागानं? ठेवा ते... अहो, रक्त!

नवरा : कुठंय?

बायको : जाळीवर! अंगठ्यात पिन घुसलीय तुमच्या.

नवरा : बरं. काढ.

बायको : बरं काय? दुखत नाहीये?

नवरा : काढ म्हटलं ना.

बायको : माझ्याकडे बघा. तुम्हाला कळलंच नाही. हो ना?

(नवरा पिना मारायचं यंत्र खाली ठेवतो.)

नवरा : दोन्ही हातांची बोटं बधिर झालीत.

बायको : कधीपासून?

नवरा : उन्हाळ्यापासून. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही येईनात.

बायको : म्हणून जाळीला गाल लावून बघता होय! मला वाटायचं, धूळ फुंकताय.

नवरा : ताण कळतो गालाला. बोटांना नाही कळत.

बायको : आणि मला सांगायला तोंड शिवलं होतं? डॉक्टरला तरी दाखवायचंत!

नवरा : तो काय सांगेल, त्याचीच धास्ती. परवा कप निसटला हातातून. मला कळलं तेव्हा फरशीवर तुकडे होते. आणि चिमी तर म्हणणार, घ्या बाबा. एवढासा जीव हातात देणार. माझ्या हातून काही झालं तर? नको गं. मला फार भीती वाटते.

बायको : कमाल केलीत. एवढं मनात ठेवून जाळ्या ताणत बसलात! मांडीवर उशी घ्या, उशीवर नात. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चिमी. पडेल कुठं? आणि उद्या डॉक्टर. हूं की चूं करायचं नाही.

नवरा : चिमीला काय सांगायचं?

बायको : ते मला नका विचारू. तुमच्यासाठी खोटं बोलून दमले मी.

नवरा : गाडीवाल्याला जरा थांबायला सांग.

बायको : आता आणखी काय राहिलं?

नवरा : तिला फोन लाव. आणि कानाशी तूच धर.